'यंत्रणा बळकट केली जाईल', पण कोण करणार? शिक्षणधोरण आखणाऱ्यांना आणि अभ्यासकांना खुले पत्र

शिक्षणधोरणाचे मसुदे लिहिणारे अधिकारी, मसुदा समित्यांचे सदस्य आणि या विषयावर संशोधन करणारे अभ्यासक यांस,

स. न. वि. वि.

कुठल्याही देशाच्या शिक्षणधोरणाचा मसुदा उघडला, तर शेवटाकडे 'गव्हर्नन्स', म्हणजे कारभाराची रीत, या नावाचे एक प्रकरण हमखास सापडते. अभ्यासक्रम, मूल्यमापन, शिक्षक-प्रशिक्षण या प्रकरणांत थोडाफार तपशील असतो. या प्रकरणात मात्र वाक्ये कर्त्याविनाच धावतात. 'समन्वय साधला जाईल.' 'यंत्रणा बळकट केली जाईल.' 'उत्तरदायित्व निश्चित केले जाईल.' कोण साधणार, कुणाच्या पैशातून, किती दिवसांत आणि नाही साधला तर जाब कुणाला विचारायचा, यातले काहीच नसते. कोणता निर्णय कोण घेतो हाच ज्या प्रकरणाचा विषय, त्यातून कर्ताच काढून घेतला तर मागे काय उरणार?

'गव्हर्नन्स' हा शब्द एकाच कागदावर तीन-चार अर्थांनी वावरतो. एक अर्थ वर्णनाचा: शाळा आता एकट्या सरकारी खात्याच्या हुकमावर चालत नाहीत. स्थानिक स्वराज्य संस्था, खासगी संस्थाचालक, परीक्षा मंडळे, शिक्षक संघटना, देणगीदार, न्यायालये, आंतरराष्ट्रीय संस्था असे अनेक हात त्यात असतात आणि त्यांच्या ओढाताणीतून कारभार घडतो. दुसरा अर्थ दर्जाचा. १९८९ साली जागतिक बँकेने सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेवरच्या अहवालात 'गव्हर्नन्सचे संकट' असा शब्दप्रयोग केला. पुढे पारदर्शकता, कायद्याचे राज्य, भ्रष्टाचाराला आळा ही यादी या शब्दाला चिकटली ती कायमची. खुद्द बँकेने १९९२ मध्ये दिलेली व्याख्या बरीच कोरडी होती: विकासासाठी देशाच्या आर्थिक आणि सामाजिक साधनांचे व्यवस्थापन करताना सत्ता ज्या रीतीने वापरली जाते, ती रीत. तिसरा अर्थ साधनांचा, म्हणजे उद्दिष्टे, निर्देशांक, करार, लेखापरीक्षण. चौथा अगदी साधा: शाळेचे किंवा विद्यापीठाचे नियामक मंडळ.

चारही अर्थ आपापल्या जागी ठीक आहेत. पहिल्या पानावर वर्णन म्हणून आलेला शब्द तिसऱ्या पानावर गुपचूप कौतुक होऊन बसतो, तिथे बिघडते. 'अनेक घटकांचा सहभाग आहे' हे निरीक्षण झाले. 'सहभाग आहे म्हणून कारभार चांगला आहे' हा दावा झाला आणि त्याला पुरावा लागतो. संशोधन-लेखांत हे मसुद्यांपेक्षाही जास्त दिसते, कारण तिथे वाक्ये अधिक गुळगुळीत असतात.

एक उदाहरण जवळून पाहू. माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षकाची एक जागा. निवृत्तीची तारीख जन्मतारखेवरून नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलेली असते. तरी प्रस्ताव निघतो तो बहुधा जागा रिकामी झाल्यावर, कारण 'रिक्त पदे' या रकान्यात नोंदवायला पद आधी रिक्त व्हावे लागते. प्रस्ताव मुख्याध्यापकाचा. पद मंजूर राहते की नाही हे पटसंख्येवर, आणि पटसंख्या कोणत्या तारखेची धरायची हे दुसऱ्या कार्यालयावर. पगाराची तरतूद वित्त विभागाकडे, जाहिरात आणि निवड भरती मंडळाकडे, कागदपत्रांची पडताळणी आणखी एका टेबलावर. कोणत्या शाळेत पाठवायचे हे जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या हाती आणि नेमकी तिथेच बदलीच्या अर्जांशी गाठ पडते. नवा शिक्षक यायच्या आत जुना कुणीतरी सोयीच्या जागी सरकतो आणि रिकामी जागा एखाद्या अडवळणाच्या शाळेत जाऊन बसते.

समजा सहा टेबले, प्रत्येकी तीस दिवस. सहा महिने गेले, म्हणजे दहा महिन्यांच्या शालेय वर्षाचा निम्म्याहून अधिक भाग संपला, आणि तोही कुठे एक त्रुटी न निघता. एक त्रुटी निघाली की फाइल पहिल्या टेबलावर परत येते आणि मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. प्रत्येक टेबलाचा मासिक अहवाल मात्र 'सर्व प्रकरणे मुदतीत निकाली' असाच जातो, आणि तो खोटाही नसतो. परत पाठवलेली फाइल निकालीच धरली जाते. वर्षअखेरीस गणिताचा निकाल घसरतो आणि खुलासा मागितला जातो मुख्याध्यापकाकडे. या सगळ्या साखळीत त्याच्या हाती होता तो फक्त पहिला कागद.

'उत्तरदायित्व निश्चित केले जाईल' या वाक्याचा प्रत्यक्षातला अर्थ असा होतो: अधिकार सहा जणांत वाटायचा आणि जाब सातव्याला विचारायचा.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की गव्हर्नन्सच्या प्रकरणाऐवजी निर्णयांचा तक्ता द्या. एका निर्णयाला एक ओळ. शिक्षकाची नेमणूक, बदली, दीर्घ रजेच्या काळातला बदली शिक्षक, प्रवेश, शाळा उघडणे आणि बंद करणे, पाठ्यपुस्तकांची निवड, वेळापत्रक, किरकोळ दुरुस्ती, मोठे बांधकाम, विशेष गरजा असलेल्या मुलासाठी सहायक, परीक्षा, तक्रार निवारण, माहिती संकलन. अशा वीस-पंचवीस ओळींत बहुतेक कारभार मावतो. रकाने सहा: निर्णय कोण घेतो, कोण अडवू शकतो, पैसा कुणाच्या खात्यातून जातो, निर्णयाला लागणारी माहिती कुणाकडे असते, जाब कोण देतो, मुदत किती.

रकाने भरताना दोन पथ्ये पाळावीत. पदनाम लिहावे, 'शासन', 'संबंधित यंत्रणा', 'सक्षम प्राधिकारी' असे लिहू नये. आणि एका चौकटीत दोन पदनामे आली, तर शेवटचा शब्द कुणाचा हे तिथेच नोंदवावे, नाहीतर वाद झाल्यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते दुसऱ्या रकान्याकडे. निर्णय घेण्याचा अधिकार कायद्यात लिहिलेला असतो. अडवण्याचा अधिकार बहुधा कुठेच लिहिलेला नसतो. तो परिपत्रकात, संगणक प्रणालीतल्या एखाद्या अनिवार्य रकान्यात, नाहीतर सहीसाठी थांबलेल्या फाइलीत असतो.

अशी मांडणी नवी नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, माध्यमिक शाळांबाबतचे निर्णय कोणत्या पातळीवर होतात याची तुलना अनेक देशांत करत आली आहे. अध्यापनाची रचना, कर्मचारी, नियोजन आणि साधनसंपत्ती असे तिचे चार गट आहेत. तिथे केवळ पातळी विचारत नाहीत, निर्णय कसा होतो हेही विचारतात: पूर्ण स्वातंत्र्याने, दुसऱ्या पातळीवरच्यांशी सल्लामसलत करून की वरून आखलेल्या चौकटीत राहून. हा दुसरा प्रश्न आपल्याकडच्या मसुद्यांत उचलला, तरी 'शाळांना स्वायत्तता' या शब्दांतली निम्मी हवा निघून जाईल.

'विकेंद्रीकरण' या शब्दाचेही तसेच. १९८८ च्या इंग्लंड आणि वेल्समधील शिक्षण सुधारणा कायद्याने अंदाजपत्रकाचा मोठा भाग शाळांच्या हाती दिला आणि त्याच कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रमही आणला. पैशाबाबत शाळा बळकट झाली, काय शिकवायचे याबाबत केंद्र बळकट झाले आणि दुबळे झाले ते मधले स्थानिक शिक्षण प्राधिकरण. याला विकेंद्रीकरण म्हणायचे की केंद्रीकरण? एका शब्दात उत्तर देणाराच फसतो. ओळीओळीने पाहिले तर गोंधळ राहत नाही. न्यूझीलंडने १९८९ मध्ये जुने शिक्षण खातेच मोडले आणि प्रत्येक शाळेला पालकांनी निवडलेले विश्वस्त मंडळ दिले. हिशेब, नेमणुका, इमारत आणि कायदा हे सगळे सांभाळू शकणारी माणसे प्रत्येक वस्तीत सारख्या संख्येने मिळत नाहीत, हा मुद्दा तिथे पुढची तीस वर्षे चर्चेत राहिला. अधिकार खाली देताना तो पेलण्याची क्षमता कुठून येणार, यासाठी तक्त्याला सातवा रकाना जोडायला हरकत नाही.

स्वायत्ततेचा परिणाम सगळीकडे एकसारखा होत नाही, याला चांगला पुरावा आहे. २००० ते २००९ या काळातील पिसा, म्हणजे ओईसीडीच्या पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय, चाचण्यांची माहिती घेऊन ४२ देशांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अधिक स्वायत्ततेने विकसित देशांत कामगिरी सुधारलेली दिसली, विकसनशील देशांत ती खालावलेली दिसली. बाहेरची परीक्षा आणि हिशेब तपासणारी सक्षम व्यवस्था आधीपासून असेल, तर शाळेच्या हातचा अधिकार मुलांच्या कामी येतो. नसेल, तर तो स्थानिक वजनदारांच्या हाती जातो, अशी या निष्कर्षामागची समजूत सांगितली जाते. तरीही 'स्वायत्तता द्यावी' ही शिफारस देशोदेशीच्या मसुद्यांत जशीच्या तशी उतरवलेली दिसते.

समित्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण प्रत्येक मसुद्याचे शेवटचे उत्तर समिती हेच असते. जागतिक बँकेच्या २००४ च्या विकास अहवालाने जबाबदारीचे दोन रस्ते सांगितले. नागरिकांनी राज्यकर्त्यांना आणि राज्यकर्त्यांनी शाळांना जाब विचारायचा, हा लांबचा. पालकांनी थेट शाळेला विचारायचे, हा जवळचा. लांबचा रस्ता खडतर असल्यामुळे बहुतेक धोरणे जवळचा धरतात आणि पालकांची समिती स्थापन करून मोकळी होतात. भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात समितीची रचना अगदी मोजून दिली आहे: किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. कामे मात्र शाळेवर देखरेख, विकास आराखडा करून त्याची शिफारस आणि अनुदानाच्या वापरावर देखरेख अशी आहेत. नेमणूक, बदली, पगार या ओळींत समितीचे नाव कुठेच येत नाही. वर्गात शिक्षक नाही ही पालकांची पहिली तक्रार असेल, तर त्या तक्रारीचा मालक समितीबाहेर बसलेला असतो.

त्याआधीच्या ग्रामशिक्षण समित्यांचा उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात अभ्यास झाला. समिती आहे हेच बहुसंख्य पालकांना ठाऊक नव्हते. काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता. गावोगावी सभा घेऊन माहिती दिली, तरी समित्यांच्या कामात फारसा फरक पडला नाही. इंडोनेशियात शाळा समित्यांवर चार उपाय करून पाहिले गेले: अनुदान, प्रशिक्षण, सदस्यांची निवडणूक आणि समितीची गावच्या परिषदेशी जोडणी. अनुदान आणि प्रशिक्षण हे नेहमीचे आवडते उपाय होते, त्यांनी मुलांच्या शिकण्यात विशेष फरक पडला नाही. जोडणीने पडला. ज्यांच्या शब्दाला गावात आधीच वजन होते त्यांच्याशी समितीचे नाते जुळले, तेव्हा तिच्या ठरावांना अर्थ आला. म्हणून मसुद्यात 'सदस्यांना प्रशिक्षण दिले जाईल' असे लिहिण्याआधी, समितीचा ठराव कुणाच्या टेबलावर जातो आणि किती दिवसांत लेखी उत्तर देणे त्याला बंधनकारक आहे, हे लिहावे. उत्तराची मुदत नसलेला ठराव इतिवृत्तातच पडून राहतो. तपासणीला आलेला अधिकारीही इतिवृत्त आहे का एवढेच पाहतो.

पैशाच्या माहितीबद्दल युगांडाचे उदाहरण सगळेच देतात, पण अर्धेच. १९९१ ते १९९५ या काळात केंद्राने शाळांसाठी पाठवलेल्या दरडोई अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोहोचल्याचे पैशाचा माग काढणाऱ्या पाहणीत आढळले. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत पोहोचणारा वाटा कितीतरी वाढला. इथपर्यंत सर्वांना पाठ असते. त्याच काळात अनुदानाच्या पद्धतीत आणि देखरेखीतही इतर बदल झाले होते आणि सगळे श्रेय छापील आकड्यांना देता येत नाही, हा नंतरच्या अभ्यासकांचा आक्षेप सहसा गाळला जातो. 'संकेतस्थळावर माहिती टाका, गळती थांबेल' हा सोपा निष्कर्ष त्यातूनच निघतो. छापलेली रक्कम कामी यायची तर मुख्याध्यापकाला आपल्या शाळेचा आकडा त्यातून काढता आला पाहिजे, तो कमी पडला तर तक्रार कुठे करायची हे ठाऊक असले पाहिजे आणि तक्रार केल्याबद्दल त्याची बदली होऊ नये. पहिल्या अटीचा खर्च अगदी कमी, म्हणून तेवढीच पुरी केली जाते.

माहितीचे आणखी एक दुखणे. एकाच आकड्यावर अनुदान द्यायचे, पदे मंजूर करायची आणि शाळा बंद करायची की नाही हेही ठरवायचे, असे केले की तो आकडा पाहण्याच्या कामाचा राहत नाही. पट फुगतो. हजेरी पूर्ण भरते. निर्णयासाठी वापरला जाणारा आकडा त्या वापरामुळेच बिघडू लागतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच मांडले होते. अमेरिकेतील अटलांटा शहरात गुणांवर मुख्याध्यापकांचे भवितव्य टांगल्यावर काय झाले ते २०११ च्या राज्यस्तरीय चौकशीत दिसले: ४४ शाळांत उत्तरपत्रिकांमध्ये फेरफार झाला होता आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यात गुंतलेले आढळले. उपाय माहीत आहे. शिकण्याची स्थिती जोखायला सगळ्यांची नव्हे, नमुना म्हणून निवडलेल्या काही मुलांचीच चाचणी घ्यावी, तिच्यावर कुणाचे बक्षीस वा शिक्षा ठेवू नये आणि अनुदानाचा पट वेगळ्या यंत्रणेने, न कळवता, मोजावा. खर्च वाढतो, हे खरे.

आकड्यांची सत्ता देशाबाहेरूनही चालते. जर्मनीत शालेय शिक्षण हा सोळा घटक राज्यांचा विषय आणि ओईसीडीला त्यांना आदेश देण्याचा कसलाच अधिकार नाही. तरी २००१ च्या डिसेंबरात पहिल्या पिसा चाचणीचे निकाल आले, देशभर खळबळ उडाली आणि २००३ पासून राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने सामाईक राष्ट्रीय मानके स्वीकारायला सुरुवात केली. अधिकार नसलेल्या संस्थेने अजेंडा ठरवला. २०२२ च्या फेरीत ८१ देश आणि अर्थव्यवस्था सहभागी होत्या. आपल्या मसुद्यातले कोणते निर्देशांक बाहेरून आले आणि ते इथे का लागू पडतात, याचे दोन परिच्छेद लिहिणे एवढी अपेक्षा जास्त नाही.

आता अभ्यासकांसाठी. कागदावरचा अधिकार आणि चालणारा अधिकार यांची सरमिसळ तुमच्या प्रश्नावल्यांत सर्रास होते. 'शिक्षक निवडण्यात शाळेचा वाटा किती?' हा प्रश्न एकट्या मुख्याध्यापकाला विचारून त्याच्या उत्तराला 'स्वायत्तता' असे नाव दिले जाते. तोच प्रश्न शाळेच्या लेखनिकाला आणि वरच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यालाही विचारा. तिघांची उत्तरे जुळली नाहीत, तर सरासरी काढू नका. तो विसंवाद हाच तुमचा निष्कर्ष आहे. त्याहून खात्रीचे काम म्हणजे शेवटच्या दहा प्रत्यक्ष निर्णयांच्या फायली काढणे आणि प्रत्येकीवर तारीखवार किती सह्या झाल्या हे मोजणे. कंटाळवाणे आहे, म्हणून कमी होते.

चांगल्या शाळांनाच जास्त मोकळीक दिली जाते, त्यामुळे मोकळीक आणि निकाल एकत्र दिसले म्हणून एकामुळे दुसरे झाले असे ठरत नाही. हे तुम्हाला सांगायची गरज नसावी, पण सारांशाच्या पानावर ते विसरले जाते. कालावधीचाही विचार हवा. पहिलीपासून लागू केलेल्या बदलातून जाणारी पहिली तुकडी आठवी पूर्ण करते ती आठ वर्षांनी. प्रकल्पाचे मूल्यमापन मात्र दोन-तीन वर्षांत उरकले जाते आणि 'परिणाम नाही' किंवा 'लक्षणीय परिणाम' असा शिक्का बसतो.

केनियातील कंत्राटी शिक्षकांचा प्रयोग प्रत्येक संशोधन पद्धतीच्या वर्गात शिकवायला हवा. उपक्रम एकच होता. काही शाळांत तो स्वयंसेवी संस्थेने राबवला, काहींत सरकारने. संस्थेच्या शाळांत मुलांचे गुण वाढले, सरकारी अंमलबजावणीत परिणाम शून्य. पगार उशिरा होणे, देखरेख ढिली पडणे आणि शिक्षक संघटनेचा विरोध ही कारणे पुढे आली. इतर ठिकाणचा असा प्रयोग 'सिद्ध उपाय' म्हणून धोरणात आणताना तो कुणी राबवला होता हे तळटीपेत टाकून चालणार नाही. अंमलबजावणी करणारा हाही त्या उपायाचाच भाग असतो.

संशोधनाच्या स्वतःच्या कारभाराबद्दल थोडक्यात. सरकारने दिलेल्या अभ्यासाच्या करारात अहवाल प्रसिद्ध करण्याची मुदत घाला, समजा सादर केल्यापासून ६० दिवस. नाहीतर गैरसोयीचे अहवाल 'विचाराधीन' राहतात. मुलांची माहिती मागताना कोणते रकाने हवेत, कोण पाहणार, कधी पुसणार हे आधी लिहा आणि पालकांना सांगा. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या माहितीचे सामाईक कोठार उभारणारा इनब्लूम हा दहा कोटी डॉलरचा प्रकल्प २०१४ मध्ये गुंडाळावा लागला. तंत्रज्ञान तयार होते. ही माहिती कुणाच्या हाती जाणार या पालकांच्या प्रश्नाला पटेल असे उत्तर मिळाले नाही आणि राज्ये एकेक करून बाहेर पडली.

तुमच्या पुढच्या मसुद्यासोबत निर्णयांचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडावा आणि हरकती-सूचना मागवण्याआधी किमान ३० दिवस तो प्रसिद्ध करावा. ज्या सूचना नाकाराल त्यांच्यापुढे कारण लिहावे. एक ओळही चालेल. तक्ता पुरा भरता आला नाही तरी थांबू नका. ज्या चौकटीत पदनाम सापडले नाही ती कोरीच ठेवा, तिथे 'संबंधित यंत्रणा' लिहू नका, म्हणजे पहिल्या हरकती नेमक्या त्या चौकटींवर येतील.

आपले,
शिक्षणधोरण आणि शालेय प्रशासनाच्या अभ्यासात काम करणारे काही जण